वाऱ्याचा वेग कोणता, सरासरी की झोताचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वादळाच्या बातमीत 'वाऱ्याचा वेग ताशी 60 किलोमीटर' हे वाक्य ठरलेले असते. हा वेग सरासरीचा की झोताचा, हे मात्र सहसा कळत नाही. पत्रे उडतात आणि फांद्या मोडतात त्या बहुधा झोताने, म्हणून हे पत्र.

जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीनुसार वारा जमिनीपासून 10 मीटर उंचीवर मोजतात. 10 मिनिटांची सरासरी हा वाऱ्याचा वेग, आणि त्या वेळात 3 सेकंदांच्या सरासरीने गाठलेला सर्वाधिक वेग म्हणजे झोत. काही देश सरासरीसाठी 1 मिनिटच धरतात. त्यामुळे दोन देशांतल्या वादळांची तुलना करणारी कोष्टके मी जरा जपूनच वाचतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सरासरी 60 असताना 90 चा झोत येणे नवलाचे नाही. वेग दीडपट झाला, पण दाब सव्वादोन पट! दोन चौरस मीटरचे दार वाऱ्याच्या तोंडावर असेल, तर ढोबळ हिशेबाने 60 च्या वाऱ्यात त्यावर 34 किलो वजनाइतका रेटा बसतो, 90 च्या झोतात 76 किलोंचा. कसेबसे धरून ठेवलेले दार हातातून सुटते ते अशा वेळी.

हे झोत येतात वरून. झाडे, घरे, खडबडीत जमीन यांना घासून खालचा वारा मंदावतो, वरचा मोकळा पळतो. या दोन थरांच्या वेगांतल्या फरकामुळे हवेत लहानमोठे भोवरे तयार होतात आणि ते वरची वेगवान हवा हप्त्याहप्त्याने खाली आणून टाकतात. दोरीवर वाळत घातलेली चादर पाहावी. ती बराच वेळ नुसती हलत असते, मग एकाएकी फुगून चिमट्याला हिसका देते आणि पुन्हा लोंबते. उन्हाने जमीन तापली की हवेची वरखाली घुसळण वाढते, म्हणून दुपारचा वारा जास्त झोतांचा. निरभ्र रात्री खालची हवा गार, जड होऊन तळाशी बसते आणि वारा पडतो. वर मात्र तो जोरात असू शकतो. वादळी पावसाआधीच्या गार झोताचे कारण वेगळे. ढगाखाली थेंबांचे बाष्पीभवन होऊन थंड झालेली हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते.

तेव्हा बातमीत दोन्ही आकडे द्यावेत. एकच मिळाला, तर तो कसला आहे ते तरी लिहावे.

आपला,
एक वाचक

ता. क. विमान 'एअर पॉकेट'मध्ये सापडले, असेही छापले जाते. आकाशात हवेची पोकळी नसते. विमान अचानक खाली जाणाऱ्या हवेत शिरले की पंखावर हवा येण्याचा कोन बदलतो, उचल कमी होते आणि पोटात खड्डा पडतो. सुमारे 10 किलोमीटर उंचीवरच्या जेट प्रवाहांच्या, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याच्या पट्ट्यांच्या, कडेला असे भोवरे ढगांशिवायही असतात, आणि विमानातल्या रडारला ते दिसत नाहीत, कारण त्याला पाण्याचे थेंब लागतात.