पुरुष सोप्रानोवर रविवार पुरवणीत लिहा

संपादकसाहेब, नमस्कार,
ऑपेरावर आपल्या पेपरात क्वचितच काही येतं म्हणून मुद्दाम लिहितोय, मायकेल मनियाची या अमेरिकन गायकावर एक सविस्तर लेख छापा ना. वयात येताना मुलांचा आवाज फुटतो तसा त्याचा पूर्ण फुटलाच नाही, स्वरयंत्र पूर्ण वाढलं नाही, त्यामुळे तो फॉल्सेटो, म्हणजे पुरुषाने मुद्दाम काढलेला उंच, पातळ आवाज, न लावता स्वतःच्या नैसर्गिक आवाजातच सोप्रानो, म्हणजे एरवी बायका गातात ती सगळ्यात उंच पट्टी, गातो, काउंटरटेनर मंडळी, म्हणजे बायकांच्या पट्टीत गाणारे पुरुष, बहुतेक फॉल्सेटोत गातात आणि हा फरक कानाला लगेच कळतो. २००३ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढे २००७ मध्ये व्हेनिसच्या ला फेनिचे थिएटरात मायरबेअर या संगीतकाराच्या ऑपेरात तो आर्मांदो झाला, आणि हा रोल १८२४ मध्ये त्याच थिएटरात वेल्लुती या कास्त्रातोने गायला होता, म्हणजे लहानपणी ऑपरेशन करून ज्याचा आवाज टिकवला असा गायक! ती क्रूर प्रथा गेली ते उत्तमच झालं. पण त्या गायकांसाठी लिहिलेलं संगीत आज असा पुरुष, कसलीही इजा न होता, गाऊ शकतो हे मला फार मोठं वाटतं. त्याचा मोझार्टचा अल्बम पण आहे, तो जरूर ऐका. आपल्याकडे 'बायकी आवाज' म्हणून पोरांना चिडवतात, त्यांच्या आईवडिलांपर्यंत हे पोचायला हवं.

– एक नियमित वाचक, सांगली