फ्रान्सच्या वॉकिंग टूरबद्दल तक्रार: पैसे चालायचे घेतले आणि बसवलं गाडीत

नमस्कार,

तुमच्या कस्टमर केअरला फोन करून झाला, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून झालं, दर वेळी "मॅडम, फीडबॅक वर पाठवलाय" एवढंच उत्तर येतंय. म्हणून आता सगळं सविस्तर लिहितेय आणि हे वरच्या कोणीतरी शेवटपर्यंत वाचावं अशी विनंती आहे. बुकिंग नंबर मेलच्या विषयात दिलाय.

टूर सप्टेंबरमधली, दक्षिण फ्रान्समधली, ओमों-ओब्राकपासून काँकपर्यंत जीआर ६५ या लांब पल्ल्याच्या पायवाटेने आठवडाभर पायी, सोबत गाइड. विमान आणि व्हिसा सोडून माणशी पावणेतीन लाख रुपये भरले आम्ही. तेवढ्या पैशात युरोपातले चार-पाच देश बसने दाखवणारे लोक आहेत हे आम्हाला माहीत होतं, तरी तुमची टूर घेतली कारण आम्हाला चालायचं होतं. आमचा ग्रुप वर्षानुवर्षं सह्याद्रीत फिरणारा, माझी नणंद दरवर्षी वारीचा आळंदी-पुणे टप्पा चालते, आणि स्पेनमधल्या सान्तियागोला जाणाऱ्या यात्रेकरूंची ही शेकडो वर्षांची वाट एकदा पायाखाली घालायची हे तिच्या किती दिवसांपासून मनात होतं.

या सगळ्या वाटेत आम्ही ज्याची वाट बघत होतो तो टप्पा म्हणजे नास्बिनाल ते सें-शेली-दोब्राक, साधारण १७ किमी. तुमच्याच माहितीपत्रकात पहिला फोटो त्याचा आहे! फ्रान्समधल्या या यात्रामार्गांचे जे मोजके तुकडे युनेस्कोने १९९८ मध्ये जागतिक वारशात घेतले त्यात हा आहे. ओब्राकचं पठार, तेराशे मीटरच्या वरची उघडी कुरणं, रचलेल्या दगडांच्या भिंती, चीज करायची जुनी दगडी घरं, बदामी रंगाच्या काळ्या डोळ्यांच्या गाई (मेच्या शेवटी वर चढवतात आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ठेवतात, म्हणजे सप्टेंबरमध्ये त्या वरच असतात). आणि मधे ओब्राक गाव, जिथे बाराव्या शतकात यात्रेकरूंसाठी आश्रयस्थान बांधलं आणि धुक्यात, बर्फात वाट चुकलेल्यांना आवाजावर येता यावं म्हणून घंटा वाजवायचे. हे सगळं मी निघायच्या आधी वाचून ग्रुपला सांगितलं होतं.

आणि नेमका तोच दिवस तुम्ही आम्हाला व्हॅनमधून नेलंत.

सकाळी नाश्ता होतोय तोवर तुमचा गाइड म्हणाला वर धुकं आहे, सेफ्टीचा प्रश्न आहे, सगळ्यांनी गाडीत बसा. धुकं नव्हतं. त्या सकाळचे वेळेसकट फोटो सोबत जोडलेत, निळं आकाश आहे. आमच्याच मुक्कामातले बाकीचे लोक, त्यात एक सत्तरीच्या पुढच्या फ्रेंच आजी एकट्या, सॅक पाठीला लावून आमच्या डोळ्यांसमोर निघून गेले. आम्ही म्हटलं आम्ही आमचे चालतो, खुणा आहेत, तर म्हणाला इन्शुरन्समध्ये बसत नाही, चाललात तर पुढची जबाबदारी कंपनीची नाही. साडेदहाला सें-शेलीत उतरवलं आणि गाडी घेऊन गेला. खोल्या दुपारी चारला उघडणार होत्या, तोपर्यंत आम्ही अकरा जण गावातल्या दगडी पुलाजवळ बसून राहिलो. संध्याकाळी त्यानेच सांगितलं की त्या दिवशी तुमच्या दुसऱ्या ग्रुपला रोदेझ स्टेशनवर सोडायचं होतं आणि त्या भागात तुमची गाडी एकच आहे. म्हणजे कारण हवामान नव्हतंच. नणंद रात्री जेवली नाही नीट, आणि ती रुसणारी बाई नाही.

तुमचं म्हणणं असं की कार्यक्रमात बदल करायचा अधिकार कंपनीकडे आहे, तसं अटींमध्ये लिहिलंय. मान्य. वादळ आलं, कोणी आजारी पडलं, वाट बंद झाली तर आम्ही चकार शब्द काढला नसता, ट्रेकला जाणाऱ्या माणसाला एवढं कळतं. पण तुमच्याकडे दुसरी गाडी नाही म्हणून आमचा टप्पा रद्द करायचा आणि वर धुक्याचं खोटं कारण द्यायचं, हा बदल नाही, ही फसवणूक आहे.

आता गाइडबद्दल. माणूस म्हणून वाईट नव्हता, खरं सांगायचं तर त्या बिचाऱ्यावर तुम्ही ड्रायव्हर, सामान पोचवणारा आणि गाइड अशी तिन्ही कामं टाकली होती. पण तो एकही दिवस आमच्यासोबत पूर्ण चालला नाही. सकाळी वाटेच्या तोंडाशी सोडायचा आणि संध्याकाळी मुक्कामावर भेटायचा. पांढऱ्या-लाल पट्ट्या दिसल्या की पुढे जायचं, फुली दिसली की मागे फिरायचं, हे आम्ही आमचं शिकलो. मग गाइडेड कसली? फ्रान्समध्ये पैसे घेऊन लोकांना डोंगरात चालवायचं तर सरकारमान्य शिक्षण आणि प्रोफेशनल कार्ड लागतं. आमच्यातल्या एकाने त्याला कार्ड विचारलं तर म्हणाला ऑफिसला विचारा. म्हणून ऑफिसला विचारतेय, आहे का नाही ते लेखी कळवा.

एस्तँहून गोलिन्याकला जाताना लॉट नदी सोडल्यावर खडा चढ आहे, तिथे नणंदेचा गुडघा सुजला. तेव्हा गाडी खरंच हवी होती. फोन केला तर बंद. ती काठीच्या आधाराने, आम्ही आळीपाळीने तिची सॅक घेऊन, कसेबसे वर पोचलो. नको होती तेव्हा जबरदस्तीने बसवलंत आणि हवी होती तेव्हा गाडीचा पत्ता नाही, याचं उत्तर तुमच्याकडे काय आहे ते मला खरंच ऐकायचंय.

जेवणाचं थोडक्यात लिहिते. आम्ही पाच जण शाकाहारी, फॉर्ममध्ये लिहिलेलं, फोनवर दोनदा सांगितलेलं. वाटेवरच्या एकाही मुक्कामाला ते कळवलेलं नव्हतं. नास्बिनालच्या मालकीणबाईंना इतकं वाईट वाटलं की त्यांनी ऐनवेळी आमच्यासाठी वेगळा अलिगो घोटला (बटाटा, ताजं चीज, लोणी, लसूण, ताणला की हातभर तार येते, अप्रतिम), आणि म्हणाल्या आदल्या दिवशी एक फोन आला असता तरी पुरे होतं. बाकी ठिकाणी ब्रेड आणि सॅलडवर रात्री काढल्या. दिवसाला वीस-वीस किलोमीटर चालून.

शेवटचा मुक्काम काँकमध्ये असं तुमच्या कार्यक्रमात स्पष्ट छापलंय. प्रत्यक्षात आम्ही दुपारी तीनला पोचलो आणि पाचला गाडीत बसवून रोदेझच्या हॉटेलात नेलं, कारण काँकमध्ये खोल्या बुकच केल्या नव्हत्या. लोक आठवडा-आठवडा चालून ज्या गावात पोचतात तिथे आम्हाला दोन तास! सेंत-फ्वाच्या चर्चच्या दारावर बाराव्या शतकातलं दगडात कोरलेलं अंतिम न्यायाचं दृश्य आहे, १२४ आकृत्यांचं, रात्री तिथले धर्मबंधू ते समजावून सांगतात, मग आत ऑर्गन वाजतो. फ्रेंच चित्रकार पिएर सुलाज यांनी केलेल्या १०४ खिडक्या आहेत, १९९४ मध्ये बसवलेल्या, रंग नसलेल्या काचेच्या, उजेड बदलेल तशा बदलणाऱ्या, त्या संध्याकाळी आणि सकाळी दोन्ही वेळा बघायच्या असतात. आमची संध्याकाळही गेली आणि सकाळही. तिथे परत जायला आमच्यातल्या बहुतेकांना या जन्मात जमणार नाही, वयं बघा आमची.

यावर तुम्ही पुढच्या टूरवर पाच हजारांचं व्हाउचर देऊ केलंत. ते नको. आम्हाला हवंय ते असं: रद्द केलेल्या टप्प्याचे आणि काँकच्या मुक्कामाचे पैसे अकराही जणांना परत, गाइड फीमधली निम्मी रक्कम परत, गाइडच्या कार्डाबद्दल लेखी उत्तर, आणि व्यवस्था होत नाही तोवर वेबसाइटवरून "पूर्णवेळ गाइड" आणि "काँकमध्ये मुक्काम" हे दोन्ही काढून टाका. डिसेंबरपासून पुढच्या सीझनचं बुकिंग घेताय, ते लोकही पै-पै साठवूनच येणार आहेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पुण्याच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करणार, आम्ही राहतो तिथेच करता येते हे वकिलांना विचारून घेतलंय. कार्यक्रमपत्रिका, पावत्या, फोटो आणि तुमचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज सगळे सोबत जोडलेत. उत्तर याच मेलवर द्या, फोन करू नका.

ग्रुपमधल्या अकरा जणांच्या वतीने,
बुकिंग करणारी ग्राहक, पुणे