अंथरुणाला खिळलेल्यांना घरी माणूस द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्या घरी मतदान झाले. आईने पंच्याऐंशी ओलांडली होती आणि धाकट्या भावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणून दोघांचेही घरून मतदानासाठीचे १२-ड चे अर्ज आधी भरून दिले होते. ठरल्या दिवशी कर्मचारी आले. बरोबर पोलीस, चित्रीकरण करणारा एक मुलगा. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा मांडला. भावाचा हात सतत थरथरतो. पेन दोनदा निसटले. मी पुढे होणार तोच अधिकारी बाई म्हणाल्या, "राहू द्या ताई, त्यांचं त्यांना करू द्या. आम्हाला घाई नाही." अकरा मिनिटे लागली. पाकीट त्याने स्वतःच्या हाताने त्यांच्या हातात दिले आणि रात्री झोपेपर्यंत तो तेच सांगत होता.

शासन घरी येऊ शकते आणि आले की किती नीट वागू शकते, हे मी त्या दिवशी पाहिले. त्याच भरवशावर हे पत्र लिहीत आहे.

गेल्या श्रावणात आई बाथरूममध्ये घसरली. खुब्याचे हाड मोडले. सत्तरीपुढच्या सर्वांना मिळणाऱ्या आयुष्मान वय वंदना कार्डावर ऑपरेशन झाले. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ते संरक्षण आमच्या वेळेला धावून आले, हे कृतज्ञतेने नोंदवते. आठव्या दिवशी घरी सोडले. डिस्चार्जच्या कागदावर शेवटची ओळ होती, 'दर दोन तासांनी कूस बदलणे'. म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा. ती कोणी बदलायची, याचे उत्तर मला कुठल्याही खिडकीवर मिळालेले नाही. कार्ड दवाखान्यात चालते, आणि आई आता दवाखान्यात नाही.

खरे तर आमच्या घरातली सेवा आजवर आईच करत होती. भावाला बावन्न वर्षे तिने भरवले, न्हाऊ घातले, रात्री उठून त्याची कूस बदलली. ती पडली त्या दिवशी एकाच घरात दोन माणसांना माणूस लागायला लागला, आणि मी एकटी. माझे वय अठ्ठावन्न. जपानी कागदपत्रांची भाषांतरे करून पोट भरते. हल्ली ते काम रात्री दोघे झोपल्यावर होते.

भावाला भरवणे म्हणजे काय, ते सांगते. मऊ भात वरणात कालवून चमचा उजव्या गालाच्या बाजूने द्यायचा. हनुवटी खाली राहिली पाहिजे. मान मागे गेली तर घास श्वासनलिकेत जातो. गिळल्याचा आवाज आला की मगच पुढचा घास. एका वाटीला चाळीस मिनिटे. तेवढ्यात आतून आईची हाक येते, आणि त्याच्या तोंडात घास असताना मला उठता येत नाही. अशाच एका आठवड्यात आईच्या माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. तिसऱ्या दिवशी कातडी सुटली. ती जखम भरायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत आई एकदाही ओरडली नाही, ड्रेसिंग चालू असताना नुसती माझा पदर धरून ठेवायची.

मग घरी सेवेला माणसे पुरवणाऱ्या ब्युरोतून मावशी ठेवल्या. बारा तासांचे ८५० रुपये, म्हणजे महिन्याचे २५ हजारांच्या वर. त्यातले ५५० मावशींच्या हातात पडतात. पहिल्या ब्युरोने तीन महिन्यांत पाच जणी बदलल्या. दर वेळी भावाचा घास नव्याने शिकवायचा, दर वेळी तो आधी घाबरायचा. एकीने आईला काखेत हात घालून ओढले. तिला दोष देत नाही. माणसाला कसे उचलावे, हे तिला कोणी शिकवलेच नव्हते. आता येतात त्या मावशी दुहेरी चादरीची कड धरून, "आजी, गुडघे वर घ्या," म्हणत आईला एका दमात वळवतात. त्या जनता वसाहतीतून येतात. त्यांची स्वतःची सासू अंथरुणावर आहे. तिच्यापाशी त्यांची चौदा वर्षांची मुलगी शाळा बुडवून बसते. हे कळल्यापासून मावशी वेळेवर आल्या की बरे वाटते आणि वाईटही वाटते.

आईला वडिलांच्या मागे महिना १९ हजार कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. ज्येष्ठांना उपयोगी साधने घेण्यासाठी पैसे देणाऱ्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २ लाख, म्हणून आम्ही बाहेर. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगासाठी मर्यादा ५० हजार, म्हणून भाऊही बाहेर. मर्यादेत बसलो असतो तरी वयोश्रीतून एकदाच ३ हजार मिळाले असते. तेवढ्यात कमोडची खुर्ची येईल. आईला उचलून तिच्यावर बसवणारे माणूस येणार नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तो आमच्या घरापर्यंत पोहोचलेला नाही. ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्यात घरी मिळणाऱ्या सेवेचा विषय आणणारे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि ती लोकसभा संपली तसे तेही संपले.

माझ्या कामामुळे जपानची पद्धत मला जवळून माहीत आहे. तिथे २००० सालापासून शुश्रूषेचा सार्वजनिक विमा आहे. चाळिशीपासून प्रत्येक जण हप्ता भरतो. मदत हवी असली की नगरपालिकेचा माणूस घरी येऊन ७४ बाबी तपासतो: कूस बदलता येते का, गिळता येते का, कपडे घालता येतात का. त्यावरून गरजेची पातळी ठरते आणि महिन्याला किती रकमेपर्यंतची सेवा घेता येईल, ते ठरते. बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा भरावा लागतो. जपान श्रीमंत आहे, असे कोणी म्हणेल. मग केरळ बघा. तिथे २००८ पासून पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे गंभीर आजाऱ्याचा त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचे, धोरण आहे, पंचायतींच्या मार्फत परिचारिका घरोघर जातात, आणि अंथरुणावरच्या माणसाला सांभाळणाऱ्याला आश्वासकिरणम योजनेतून महिना ६०० रुपये ठरवलेले आहेत. रक्कम तुटपुंजी आहे, पण सांभाळणे हे काम आहे, हे सरकारने तिथे मान्य केले.

स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा, हा नियम आपल्या महापालिकेलाही लागू आहे. त्यातला एक भाग माणसांच्या तासांसाठी ठेवा. सुरुवात एका क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत करा. आमच्या मावशींसारख्या बायकांना महापालिकेच्या दवाखान्यात उचलणे, भरवणे, जखम ओळखणे शिकवा आणि त्यांचा पगार मध्ये कोणी न कापता थेट त्यांच्या खात्यात जमा करा. कोणाला किती तास, हे उत्पन्नाच्या दाखल्यावरून ठरवू नका. घरी येऊन, माणूस बघून ठरवा. ज्यांना परवडते त्यांच्याकडून हिस्सा घ्या. मी देईन. मावशींच्या सासूबाईंसाठी मात्र काही घेऊ नका.

आमच्या घरी सकाळी सात ते दहा हे तीन तास सर्वांत कठीण असतात. आईची आंघोळ आणि भावाचा नाश्ता एकाच वेळी येतो. त्या तीन तासांसाठी एक माणूस हवे आहे.

आपली नियमित वाचक,
कर्वेनगर, पुणे
(कृपया नाव छापू नये.)