काकू, त्या पिशवीबद्दल

प्रिय काकू,

समोर बसून हे सांगायला गेले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितेय. आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय, कारण यातलं थोडं तुमच्यासाठी आहे आणि थोडं, ज्यांनी वेळेवर ऐकायला हवं होतं त्यांच्यासाठी.

आधी त्यांचं उरकते.

माझं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं वर यायचं नाव घेत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. थोडं चढायचं, की पुन्हा घसरायचं. जिना चढून आलं की कुलूप उघडायच्या आधी भिंतीला टेकून उभं राहायचं, हे तुम्ही दारातून पाहिलंय. पोट कधी फुगलेलं, कधी बिघडलेलं. यावर मला मिळालेली उत्तरं काय? बायकांचं रक्त कमीच असतं. ताण घेऊ नका. वेळेवर जेवत जा. एका डॉक्टरांनी तर कमालच केली. त्यांनी आधी काही महिने गहू बंद करायला लावला आणि मग सिलिॲक नावाच्या आजारासाठीची रक्ततपासणी केली. ती तपासणी ग्लूटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यातलं प्रथिन, पोटात जात असतानाच करायची असते. खाणं थांबलं की रक्तातल्या अँटिबॉडी उतरायला लागतात आणि रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. माझा आला. "बघा, तुम्हाला काहीही नाही," असं हसत हसत सांगून मला घरी पाठवलं गेलं, आणि मी पुन्हा गहू खायला लागले.

राग येतो तो एवढ्यासाठी की हे काही कालपरवा सापडलेलं दुखणं नाही. सॅम्युअल गी या इंग्रज डॉक्टरांनी १८८८ मध्येच लिहून ठेवलं की हा आजार बरा व्हायचा तर तो आहारानेच होईल. नेमकं काय टाळायचं ते त्यांना कळलं नव्हतं. ते दाखवून दिलं विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी, आणि त्यांचा प्रबंध १९५० चा आहे. जगात साधारण शंभरातल्या एकाला सिलिॲक असतो. लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा ॲनिमिया ही त्याची ओळखीची खूण आहे. म्हणजे सगळं कागदावर होतं. फक्त माझा कागद नीट वाचणारं कुणी नव्हतं. शेवटी एका डॉक्टरांनी वाचला, एंडोस्कोपी झाली, बायोप्सी झाली आणि नाव मिळालं. त्यांचेही आभार, पण ते त्यांना प्रत्यक्ष मानून झालेत.

नाव मिळाल्यावर पहिल्यांदा काय वाटलं, तर हायसं. आपण वेड्या नाही, आळशी नाही, याचा लेखी पुरावा! आपल्याच शरीराची रोगप्रतिकारशक्ती ग्लूटेन दिसलं की आपल्याच लहान आतड्यावर तुटून पडते. अन्नातलं सत्त्व शोषून घेणारे तिथले बारीक अंकुर, मखमलीची लव झिजावी तसे झिजून सपाट होतात. मग लोह घ्या नाहीतर आणखी काही, ते आत जाणार कुठून? औषध नाही. गहू, जव आणि राय ही धान्यं आयुष्यभरासाठी बंद, हाच उपचार.

गहू सोडणं अवघड नाही हो, काकू. लोकांना तेच अवघड वाटतं, म्हणून ते माझ्या ताटाकडे बघून हळहळतात. भात आहे, मका आहे, डाळी आहेत, भाज्या, फळं, अंडी आहेत. उपाशी कुणी राहत नाही. अवघड आहे ते गव्हाचा कण टाळणं. टोस्टरमधला चुरा. पीठ चाळलेली चाळणी. लाकडी चमचा, ज्याच्या भेगांत काल ढवळलेलं काहीतरी अजून बसलेलं असतं. पावाचा चुरा लावलेले तुकडे ज्या तेलात तळले त्याच तेलात तळलेले बटाटे. सोया सॉसमध्ये गहू, माल्टमध्ये जव, तयार सूप दाट व्हायला घातलेलं पीठ. 'ग्लूटेनमुक्त' म्हणवून घ्यायला अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, यावरून मर्यादा किती बारीक आहे ते कळावं. आणि समोरचा माणूस मात्र प्रेमाने म्हणत असतो, "अगं, चिमूटभराने काय होतंय?"

होतं. मला दरवेळी लगेच काही जाणवेलच असं नाही, पण आतड्याला कळतं.

तर त्या पहिल्या काही महिन्यांत मी लोकांकडे जेवायला जाणंच टाळायला लागले. गेलेच तर घरून जेवून जायचे किंवा डबा न्यायचे, आणि दोन्हींचा यजमानांना राग. "आमच्या हातचं चालत नाही का?" "हल्ली फॅशनच झालीय." सख्खा भाऊ म्हणाला, नखरे आहेत. (पहिल्या नात्यातल्या साधारण दहातल्या एकाला हा आजार निघू शकतो, तू तपासून घे, असं त्याला सांगून मी थकले. त्याला नखरे परवडतात, रक्ततपासणी परवडत नाही.) कुणी मनापासून करायचेही. "खास तुझ्यासाठी केलंय, गहू अजिबात नाही," म्हणायचे. पण मसाला कुठला, सॉस कुठला विचारलं की चेहरा पडायचा. आपण घरच्यांवर संशय घेतोय असं त्यांना वाटायचं, आणि खरं सांगायचं तर घेतच होते. त्यांच्या प्रेमावर नाही, त्यांच्या डब्यातल्या पिठावर. पण हे ताटावर बसून कसं समजावायचं? मग एकतर गुपचूप खायचं आणि दोन दिवस धास्ती घ्यायची, नाहीतर न खाता उद्धट ठरायचं.

अशात तुमचा फोन आला. बाकी सगळे विचारतात, तुला काय चालतं? तुम्ही विचारलंत, "मी काय करायचं नाही ते सांग." मी यादी सांगत गेले, तुम्ही मध्ये न बोलता लिहून घेत होतात. मला वाटलं, झालं, आता कंटाळून म्हणतील, तू आपला डबाच आण.

त्या दिवशी तुमच्याकडे पोचले, तर बाकीची मंडळी बाहेर गप्पा मारत होती. तुम्ही मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलंत आणि एक कागदी पिशवी हातात दिलीत. आत त्या दिवशीच्या स्वयंपाकात वापरलेल्या प्रत्येक गोष्टीचं रिकामं वेष्टन होतं. तांदळाची पिशवी. मसाल्याच्या खोक्याचा कापून ठेवलेला भाग, घटक छापलेले तेवढाच. सॉसची बाटली जशीच्या तशी. कॉर्नफ्लोअरची दोन पाकिटं होती. त्यातल्या एकावर 'याच कारखान्यात गव्हाचे पदार्थही तयार होतात' ही मुंगीएवढ्या अक्षरांतली ओळ तुम्ही पेन्सिलीने अधोरेखित केली होतीत आणि शेजारी लिहिलं होतं, "हे नाही वापरलं. दुसरं आणलं." ओट्यावर नवा चमचा होता, झाकून ठेवलेलं एक पातेलं होतं. माझा स्वयंपाक सकाळी आधी उरकून, झाकून, मगच पिठाचा डबा उघडला, हे मला तुमच्या सुनेकडून नंतर कळलं.

पण ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय ते वेगळंच. पिशवी देऊन तुम्ही म्हणालात, "निवांत वाच. मी बाहेर आहे." आणि खरंच बाहेर गेलात. दारही लोटून घेतलंत.

मी वाचलं. एकेक पाकीट. तुम्ही आधीच सगळं वाचलेलं दिसत होतं, तरीही वाचलं. आणि कुणी बघत नव्हतं म्हणून थोडी रडलेसुद्धा, हे तुम्हाला आता पहिल्यांदाच कळतंय. आजारी माणसासाठी कष्ट घेणारे पुष्कळ भेटतात, काकू. कष्ट घेऊन वर "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः खात्री कर" म्हणणारं मला दुसरं कुणी भेटलेलं नाही. एवढं करून समोर उभ्या राहिला असतात तर मी संकोचाने दोन पाकिटं चाळून "हो हो, छान" म्हणाले असते. तुम्हाला ते कसं कळलं कोण जाणे. तुम्ही कुठे वैद्यकी शिकलेल्या नाही. ज्यांनी शिकली होती त्यांनी मला बोलूही दिलं नव्हतं. मोठेपणा दाखवायची संधी समोर असताना ती न घेणं फार कमी लोकांना जमतं. बहुतेकांचं चांगुलपण समोरच्याकडून पावती मागतं. मला तर आता माणसं तेवढ्यावरूनच ओळखायची सवय लागलीय.

बाहेर येऊन मी पोटभर जेवले. तेही सगळ्यांच्या पंगतीत, गप्पा मारत. किती महिन्यांनी, ते मोजायचंच सोडून दिलं होतं.

आता बातमी. परवा रिपोर्ट आले. अँटिबॉडी बऱ्याच उतरल्यात, हिमोग्लोबिन चढतंय आणि या वेळी खाली आलेलं नाही. मोठ्या माणसाचं आतडं पूर्ण भरून यायला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात, त्यामुळे घाई नाही. आणि मुख्य म्हणजे तुमच्या यादीत एक दुरुस्ती करा. मी दूधही चालत नाही असं सांगितलं होतं. ते आतडं बिघडल्यामुळे पचत नव्हतं, आता पचायला लागलंय. तेव्हा पुढच्या वेळी माझ्यासाठी बिनदुधाचं वेगळं करत बसू नका. सगळ्यांसाठी जे दूध घालून कराल तेच मलाही वाढा, अर्थात त्यात पीठ नसेल तर.

तुमची,
समोरच्या दारातली