वनहक्काची सभा जानेवारीत कशाला?

महोदय,

रायगडातल्या कातकरी वाड्यांचे सामूहिक वनहक्काचे दावे, म्हणजे वाडीने मिळून जंगलावर सांगितलेले हक्क, अनेकदा कोरममध्ये (सभेला लागणाऱ्या किमान हजेरीत) अडकतात. वनहक्क कायद्याच्या २०१२च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेला निम्मे सभासद हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. दिवाळीनंतर निम्मी वाडी वीटभट्टीवर जाते आणि सभा लावतात २६ जानेवारीला! भातलावणी उरकल्यावर, गणपतीच्या आधी ती घ्यावी.

दाव्यातल्या जंगलाच्या हद्दीची फेरी मात्र पावसाआधीच करावी. गवत वाढले की सीमेचे दगड दिसत नाहीत. सोबत वाडीतली म्हातारी माणसे हवीत, शेजारच्या गावची वनहक्क समितीही. ‘पूर्वेला डोंगर’ एवढ्याने भागत नाही. ओहोळाचे वळण, ऐनाचे जुने झाड, शेंदूर लावलेला दगड, असे एकेक लिहून घ्यावे. कडूकंद, शेवळं काढायच्या जागा, देवराई, मसणवट हे सगळे पुरावेच आहेत. एकावर भागत नाही, निदान दोन जोडावेत.

अर्ज कोणता, हेही पाहावे. नुसत्या सामूहिक हक्काच्या अर्जावर सरपण-चराई मिळते. जंगल राखायचा अधिकार हवा तर सामूहिक वनसंसाधनाचा वेगळा नमुना भरावा लागतो. पुष्कळ ठिकाणी तोच राहून जातो.

– एक वाचक, रायगड