विज्या, चौथी जागा मोकळी आहे

कोल्हापूर,
रविवार, रात्रीचे साडेबारा

विज्या मर्दा,

नऊ महिन्यांनी माझं पत्र, तेही वहीचं पान फाडून हातानं लिहिलेलं, म्हणजे सुन्या आता पैसे मागणार असं तुला वाटलं असेल. मागत नाही. उलट पन्हाळ्याच्या ट्रिपचे बाराशे तूच देणं लागतोस, पण तो विषय आज नको. फोन केला असता तर तू लॅपटॉप बडवत ‘हं, हं, बोल’ म्हणाला असतास आणि मीही पावसापाण्याचं बोलून ठेवून दिला असता. म्हणून लिहितो. फोटो काढून पाठवीन, अक्षर लावून वाच.

आईचा गुडघा आहे तसा आहे. मला बीपीची गोळी लागली, पाचची. बाकी ठीक.

पक्याच्या आप्पांचं बंड्यानं तुला सांगितलं असेलच. त्या रात्रीचं सांगितलं नसणार, कारण ते मी त्यालाही नीट सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी मी रात्री उद्यमनगरात शेडवरच होतो. फौंड्रीवाल्याला सकाळी चारशे ब्रॅकेट द्यायचे होते. पोरगा मशीनवर, मी खुर्चीत पेंगत. पावणेदोनला मोबाइल वाजला, पक्याचं इन्व्हाइट, बीजीएमआयचं, म्हणजे आपल्या पबजीचं. जो गडी साडेदहाला बसला की अकराला ‘सकाळी लवकर उठायचंय’ म्हणून सुटतो, तो पावणेदोनला! मी खूश. तुझ्या जागी आलेला ओंकार ऑनलाइन होताच, चौथा एक अनोळखी रँडम घेतला आणि एरँगलच्या बेटावर उतरलो.

पक्या लूटच करेना, बंदुका-सामान काही उचलेना. नुसता माझ्या मागनं पळत होता. समोर गडी दिसला तर गोळी मारेना, झोन आवळत आला तर गाडीत बसेना. मी म्हटलं, ‘पक्या, झोपेत खेळालायस काय?’ तो म्हणाला, ‘नाही रे, खेळ की.’ आवाज एकदम बारीक. मला वाटलं वहिनी शेजारी झोपलीय. मग माझं तोंड सुटलं. तुला माहीत आहे ते कसं सुटतं. तीन मॅच झाल्या, तिन्हींत मी त्याला आईमाईवरनं धुतला. तिसऱ्या मॅचला पोचिंकीबाहेरच्या शेतात होतो, तेव्हा त्याच्या माइकमधून एका बाईचा आवाज आला, ‘चौदा नंबरचे नातेवाईक कोण आहेत?’

आणि मी म्हटलं, ‘टीव्ही बंद कर की रे.’

पक्या ‘आलो’ म्हणाला आणि गेला. त्याचा गडी शेतात तसाच उभा. कुणीतरी लांबून टिपला. आम्ही हसलो. ओंकार म्हणाला, ‘काका, हे मधेच मोबाइल सोडून एएफके जातात, पॉइंट जातात आपले.’ मी म्हटलं, पुढच्या वेळी नाही घेत त्याला.

चार दिवसांनी बंड्याकडून कळलं. आप्पांना त्याच रात्री साडेनऊला झटका आला होता. उजवी बाजू गेली होती. पक्या आयसीयूच्या बाहेर बाकावर बसून खेळत होता.

आप्पा म्हणजे कोण हे तुला मी सांगायला नको. पण मला त्या रात्रीपासून सारखा तो राजारामपुरीतला नेट कॅफे आठवतोय. तासाला वीस रुपये, आणि काउंटरवर आपली उधारी. आप्पांनी येऊन सगळ्यांची फेडली, आणि पक्याला कानफटवायच्या आधी तुला विचारलं, ‘ह्यात जिंकतंय कोण?’ तू छाती काढून म्हणालास, ‘टेररिस्ट.’ तो फटका तुला बसला. काउंटर-स्ट्राइकमधला माझ्या आयुष्यातला सगळ्यात भारी राउंड तोच.

तर काळजी अशी. आपण हे का खेळतो? अडतीस वर्षांचे घोडे, एकाला टक्कल, एकाला बीपी, आणि रात्री साडेदहाला कानात हेडफोन घालून ‘डावीकडं, डावीकडं, झाडामागं!’ हिनं परवा हेच विचारलं. मी म्हटलं, विरंगुळा. ती म्हणाली, विरंगुळ्याला माणूस एवढा ओरडत नाही.

मला आधी वाटायचं, जिंकायला खेळतो. रँकसाठी. सीझन बदलला की रँक खाली येते आणि पुन्हा डोंगर चढायचा, त्यातच सगळी नशा आहे असं मी मानून चाललो होतो. म्हणून तर गणपतीत ते झालं. आता नाव काढलंच आहे तर बोलून टाकतो. गोळी लागून पडलेल्या बंड्याला उठवायला, रिव्हाइव्ह करायला, तू उघड्यावर गेलास, दोघंही मेलात, एसच्या वरच्या रँकला जायला सतरा पॉइंट हवे होते ते बोंबलले, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो की तुझ्यामुळं स्क्वाड मागं राहतंय. दुसऱ्या दिवशी केडी, म्हणजे एका मरणामागं किती मारतो ते, बघून ओंकारला आणला. तू काही बोलला नाहीस. फक्त ग्रुपवर अंगठा टाकलास. तुझा तो अंगठा मला शिवीपेक्षा जास्त लागला, पण मी कोल्हापूरचा, मी कसा मागं सरणार?

आता ओंकारचं ऐक. पोरगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. खेळ असा, की आम्ही तिघं नुसते उभे राहिलो तरी मॅच जिंकून चिकन मिळावं. पहिल्या आठवड्यात एस लागला. एवढी वर्षं ज्याच्यासाठी भांडलो ते आठ दिवसांत. बंड्यानं स्टेटस ठेवलं. आणि तिसऱ्या आठवड्यात बंड्याची गिऱ्हाइकं वाढली, पक्याचं डोकं दुखायला लागलं, आणि मला मोबाइल हातात घ्यायचा कंटाळा यायला लागला. जिंकतोय आणि कुणाला यावंसं वाटत नाही, असलं त्रांगडं! ओंकार वाईट नाही हां. ‘काका कव्हर घ्या’, ‘काका मी बघतो’. पण बंड्या मेल्यावर जी कॉमेंट्री करतो ती त्याच्या डोक्यावरनं जायची. बंड्याला बाबूराव सरांच्या आवाजात ‘सुनील, उभा राहा, तुला मारलेलं आहे’ म्हणताना ऐकून ज्याला हसू येत नाही, त्याच्याशी काय खेळायचं? सर त्याला कुठं होते शिकवायला?

तू मला एकदा तुमच्या ऑफिसच्या ट्रेनिंगमधलं सांगितलं होतंस, तो फ्रेंच रिंगेलमान, माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजणारा. माणसं वाढत जातात तसा एकेकाचा जोर कमी होतो, आठ जण झाले की एकेक जण निम्म्याच जोरानं ओढतो. तेव्हा तू ते मला टोमणा म्हणून सांगितलेलंस, की सुन्या, तू आठवा माणूस आहेस. मी चिडलो होतो. पण त्यावर मी मग बराच विचार केला (मशीन चालू असलं की दुसरं काम काय?). आपण चौघंच. शंभर माणसं बेटावर, पण आपल्या दोराला चारच. मॅच संपली की कुणी किती मारले, किती डॅमेज केला, सगळं चौघांच्या फोटोखाली लिहून येतं, लपायला जागा नाही. म्हणून जोर लावतो म्हणावं, तर पक्या मुळात जोर लावणाऱ्यातला नाही. तो एवढी वर्षं का येतोय?

मला वाटतं हाकेमुळं येतोय. गांधी मैदानावर सकाळी सहाला सरावाला आपण कशाला जायचो? फुटबॉलच्या प्रेमानं? थंडीत? तू खिडकीखाली येऊन ‘सुन्याऽऽ’ म्हणून बोंबलायचास, बाबा उठायचे, आणि बाबांनी उठवण्यापेक्षा मैदान बरं म्हणून मी यायचो. मी आलो नाही तर तुझा जोडीदार नाही, म्हणून तूही यायचास. पुढं शाहू स्टेडियमवर मी पाटाकडील तालमीच्या बाजूला आणि तू शिवाजी मंडळाच्या, दोघंही एकमेकांच्या पेठेची लाज काढायला जायचो. ईर्षेनं माणूस एक मॅच खेळतो. सहाला उठवायला मात्र खाली कुणीतरी उभं असावं लागतं. इन्व्हाइट म्हणजे तीच हाक.

आणि खेळ बंद झाला तेव्हा काय झालं ते आठव. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली, २ जुलै २०२१ ला बीजीएमआय नावानं परत आला. मधले दहा महिने आपण चौघंही घरात, चौघांच्याही हातात मोबाइल, व्हॉट्सॲपचा ग्रुपही होता. काय बोललो आपण? बंड्याच्या गुलाबाच्या फुलांच्या सकाळी. दुसरा एक गेम घेतला, हात बसेना. लुडो खेळलो, पक्या चिटिंग करतो म्हणून तेही बंद. मी तुला सहा महिन्यांत दोन फोन केले. आणि जुलैत लॉबीत चौघं उभे राहिलो तेव्हा तू पहिलं काय म्हणालास? ‘बाबा गेल्याचं मी तुम्हाला नीट सांगितलंच नाही रे.’ लॉबीत, मॅच सुरू व्हायच्या आधी! मी तेव्हा काय बोललो ते आठवत नाही, बहुतेक ‘रेडी दाब’ म्हणालो असेन.

इथंच माझी सुई अडकते. खेळ आहे म्हणून आपण एकत्र येतो, बोलायला काही नसलं तरी चालतं, म्हणून तर येतो. तोंडं एकमेकांकडं नाहीत, सगळ्यांची समोर, रंकाळ्याच्या कठड्यावर बसल्यासारखी. पण तसं बसलं की शेजारचा रडतोय का हेही दिसत नाही. तू बघायचास. २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३, हायवे बंद, तू तिकडं बेंगळुरूत अडकलेला. रोज रात्री प्रत्येक मॅचच्या आधी एकेकाला विचारायचास, ‘पाणी कुठवर आलं? व्हीनस कॉर्नरचं काय? आईला वर नेलंस का? पॉवर बँक चार्ज आहे का?’ आम्ही वैतागायचो. म्हणायचो, हा काय कलेक्टर आहे काय. त्या मंगळवारी तू असतास तर ‘चौदा नंबरचे नातेवाईक’ ऐकल्यावर गेम थांबवला असतास. मी टीव्ही बंद करायला सांगितला.

पक्याला भेटलो नंतर. गंगावेशीत दूध प्यायला नेला. म्हटलं, भाड्या, बोलला का नाहीस? तो मिशीवरचा फेस पुसत म्हणाला, ‘बोलायचं असतं तर फोन केला असता की. तिथं सगळे बोलायलाच येत होते. काका, मामा, मेहुणा, सगळे धीर देत होते. मला कुणीतरी शिव्या द्यायला पाहिजे होतं.’ मी गप्प. मग म्हणाला, ‘पण तू लईच दिल्यास.’

आता ह्याला काय म्हणायचं सांग. हे ऐकून माझं ओझं उतरायला पाहिजे होतं. थोडं उतरलंही. पण ‘टीव्ही बंद कर’ काही जात नाही. रात्री मशीन बंद झालं की ऐकू येतं.

आप्पा घरी आलेत. उजवा हात अजून उचलत नाही, शब्द इकडचे तिकडे होतात. पाण्याला ‘चावी’ म्हणतात. मी परवा गेलो तर माझ्याकडं बघून छान हसले आणि म्हणाले, ‘विज्या, आलास?’ पक्या दुरुस्त करायला लागला, मी डोळ्यानं थांबवला. ‘आलो की आप्पा,’ म्हटलं. अर्धा तास मी तूच होतो. तुझी नोकरी, तुझा पगार, सगळं सांगितलं. पगार थोडा वाढवून सांगितला.

तुझा फ्लॅट ताब्यात आला का? वहिनींची बदली झाली का? छकुलीला मराठी बोलता येतं का अजून, की ‘सुनील अंकल’ सुरू झालं? सविस्तर लिही, म्हणजे लिहिणार नाहीसच.

ओंकार गेला. आपण होऊन गेला. परवा मेसेज आला, ‘काका, सॉरी, मला कॉलेजच्या मुलांबरोबर रँक पुश करायचंय.’ शहाणा पोरगा. त्यानं निदान खरं सांगितलं. आता रोज साडेदहाला लॉबीत आम्ही तिघं उभे असतो आणि चौथ्या जागेवर ते प्लसचं चिन्ह. बंड्या म्हणतो रँडम घेऊ. पक्या काही म्हणत नाही. मॅच सुरू व्हायच्या आधी हल्ली मी सगळ्यांना विचारतो, घरी ठीक का, आईचं कसं आहे. बंड्या म्हणतो, ‘सुन्या, तुझ्या तोंडात शोभत नाही, विज्यालाच बोलव.’

शनिवारी इन्व्हाइट पाठवतो. अपडेट मोठा आहे, शुक्रवारीच वायफायवर घेऊन ठेव, नाहीतर मागच्यासारखं साडेदहाला ‘चौऱ्याऐंशी टक्के झालंय’ सांगत बसशील. रँकचं विचारू नकोस, एसवरनं खाली क्राउनला आलो परत. आणि गणपतीतलं माझं चुकलं. ते सगळ्यांसमोर बोललो होतो, शनिवारी सगळ्यांसमोरच म्हणीन.

पण उघड्यावर रिव्हाइव्ह करायची नसते, विज्या. दहा सेकंद लागतात. आधी स्मोक टाकायचा. ते माझं बरोबरच होतं.

तुझा,
सुन्या

ता. क. आप्पांनी तुला, म्हणजे मला, विचारलंय की ह्यात जिंकतंय कोण. काय सांगू?