पॉक्सोतल्या सपोर्ट पर्सनला तारखेच्या दिवसाचे मानधन द्या

मा. मंत्री,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

महोदया,

लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलाला फिर्यादीपासून निकालापर्यंत एकच ओळखीचा माणूस सोबत मिळावा, म्हणून पॉक्सो कायद्याखाली (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा) सपोर्ट पर्सनची तरतूद आहे. मूल आणि पालकांच्या संमतीने बालकल्याण समिती ही नेमणूक करते. समाजकार्य शिकलेली तरुण मुले उमेदीने या कामात येतात, पण खटला संपेपर्यंत त्यातली फार थोडी टिकतात. माणूस बदलला की मुलाला झालेले सगळे नव्याने सांगावे लागते. त्याच्यावर ही वेळ येऊ नये, यासाठीच तर ही नेमणूक असते.

गुन्हा नोंदल्यावर २४ तासांत पोलिसांनी समितीला कळवायचे असते. तिथे दिरंगाई झाली की वैद्यकीय तपासणी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब सपोर्ट पर्सन पोहोचण्याआधीच उरकतो. मुलाच्या अंगावरचे कपडे मुद्देमालात जमा होतात, तेव्हा घरून दुसरा जोड आणा, एवढे आईला सांगणारेही कोणी नसते. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समितीने शिफारस केल्यावर आठवडाभरात पैसे द्यावेत असे म्हटले आहे. पण त्यासाठी कोणीतरी समितीपुढे गरज मांडावी लागते. पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेची कागदपत्रे, बँकेचे खाते, बुडालेली शाळा या सगळ्यासाठी धावपळ सपोर्ट पर्सनच करतो आणि समितीला दरमहा अहवालही देतो.

खरी कसोटी साक्षीच्या दिवशी लागते. त्याआधी एकदा मुलाला रिकामे कोर्ट दाखवून आणावे लागते: न्यायाधीश इथे बसतात, तू इथे, पडदा इथे असेल. काय बोलायचे ते मात्र चुकूनही शिकवायचे नाही, नाहीतर उलटतपासणीत साक्षच कोलमडते. फक्त एवढेच सांगायचे, ‘आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांग.’ कायद्याने वकिलाचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारले जातात, मुलाला मधे विश्रांतीही द्यावी लागते. पण आरोपी आणि त्याचे नातेवाईक त्याच व्हरांड्यात उभे असतात. मग मुलाला कोणत्या दाराने आत न्यायचे, कुठे बसवायचे, हे सकाळीच कोर्टातल्या कर्मचाऱ्यांशी बोलून ठरवावे लागते. पिशवीत पाणी, बिस्किटे, चित्रकलेची वही. दुपारी चारला पुकारा होतो आणि पुढची तारीख पडते. आरोपी घरातलाच असेल, तर अशा दोन-तीन तारखांनंतर नातेवाईक ‘मिटवून टाका’ म्हणू लागतात. साक्षीदार फितूर होतात ते बहुतेक याच काळात.

तारीख पडलेल्या या दिवसाचे मानधन कोणी द्यायचे, हा आमचा प्रश्न आहे. नियम स्पष्ट आहे: दर राज्य सरकारने ठरवायचा, तो कुशल कामगाराच्या किमान वेतनाहून कमी नसावा, आणि पैसे बाल न्याय निधीतून किंवा अन्य निधीतून द्यावेत. पण सुनावणी झाली तरच दिवस धरला, तर थांबण्यात गेलेले दिवस फुकट जातात. गृहभेटी मोजल्या जात नाहीत. गावातून तालुक्याला येणाऱ्या रिक्षाची पावती मिळत नाही, म्हणून प्रवासखर्च नामंजूर होतो. मूल शहाण्यासारखे वाट पाहते, पण सोबत्याच्या घरभाड्याला वाट पाहता येत नाही.

म्हणून शासन निर्णयात चार गोष्टी लिहून द्याव्यात. समन्सच्या प्रत्येक दिवसाचे मानधन, मग सुनावणी होवो वा न होवो. गृहभेटीचा वेगळा दर आणि पावतीऐवजी किलोमीटरवर प्रवासखर्च. मासिक अहवाल सादर झाला की पुढच्या महिन्यात रक्कम थेट खात्यात. आणि एका व्यक्तीकडे एका वेळी किती मुले असावीत याची कमाल मर्यादा, कारण एकाच दिवशी दोन कोर्टांत तारखा आल्या की एका मुलाला एकटेच जावे लागते.

दर ठरवताना बालकल्याण समित्यांचे सदस्य आणि प्रत्यक्ष काम करणारे सपोर्ट पर्सन यांना बैठकीला बोलवावे. कामाच्या नोंदवह्या घेऊन आम्ही येऊ.

आपले,
पॉक्सो प्रकरणांत काम करणारे सपोर्ट पर्सन